चार खाडे

दारावरच्या पाटीवर तिचं पूर्ण नाव होतं आणि खाली ‘कर विवरणपत्रे भरून मिळतील’ असंही होतं, पण पाटी वाचायला कोण बसलंय? बाजारातले सगळे लहान दुकानदार तिला वजावटबाई म्हणत. तोंडावर नुसतं ‘बाई’, पाठ वळली की ‘वजावटबाई’. तिला हे ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. वर्ष संपलं की माणसं पिशव्या भरभरून पावत्या घेऊन घाबऱ्याघुबऱ्या तिच्याकडे येत, आणि दोन आठवड्यांनी कराचा आकडा निम्म्यावर आलेला पाहून हसत हसत जात. असं नाव उगाच पडत नाही.

तिचं ऑफिस म्हणजे घराचीच पुढची खोली. एक टेबल, त्यावर काच, काचेखाली कराच्या दरांचा तक्ता. एक कॉम्प्युटर, तो सुरू व्हायला इतका वेळ घेई की तेवढ्यात समोरच्याची सगळी घरगुती रडकथा ऐकून होई. लोखंडी कपाटात फायली आणि प्रत्येक फायलीच्या पाठीवर धंद्याचं नाव: बेकरी, पंक्चरवाला, केस कापणारा, शिकवणीवाल्या मॅडम. आणि खुर्चीच्या बरोबर मागे, येणाऱ्याची पहिली नजर पडावी अशा जागी, तिचा परवाना. कर खात्यानं दिलेला फिकट निळा कागद, त्यावर गोल शिक्का, आणि हे सगळं एका छान काळ्या फ्रेममध्ये.

बाईला खर्च दिसत. दुसऱ्याला जिथं नुसतं दुकान दिसे, तिथं तिला वजा करता येणाऱ्या दहा गोष्टी दिसत. भंगारवाल्याच्या आवारात एक लंगडं कुत्रं पडून असे. त्याच्या खाण्याचा खर्च तिनं ‘सुरक्षा व्यवस्था’ म्हणून लावला. भंगारवाला घाबरला, म्हणाला, "बाई, खात्यानं विचारलं तर?"

"विचारू देत की. भुंकतं ना?"

"भुंकतं."

"मग झालं तर. त्याचा एक फोटो आणून द्या फायलीला लावायला."

शिकवणीवाल्या मॅडमना तिनं घरातल्या एका खोलीचं भाडं, वीज, खडू, एवढंच काय, पोरांनी मोडलेली खुर्चीसुद्धा वजा करून दिली. कुणी जरा शंका काढली की बाईचं ठरलेलं वाक्य असे, "मी खोटं लिहीत नाही, राहून गेलेलं लिहिते." हे वाक्य तिनं इतक्यांदा म्हटलं होतं की तिचा स्वतःचाही त्यावर पक्का विश्वास बसला होता.

घरात ती आणि नवरा, दोघंच. नवरा शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेला, शांत माणूस, चष्मा कपाळावर चढवून घरभर चष्मा शोधणारा. यंत्रं जुनी होतात तशी त्यांची किंमत कागदावर दरसाल कमी करतात, त्याला घसारा म्हणतात, एवढं तो बायकोच्या संगतीनं शिकला होता. तो म्हणे, "तुझ्या हाती सोडलं तर मलाही दरवर्षी दहा टक्के घसारा लावशील." ती म्हणे, "लावला केव्हाच." असा त्यांचा संसार चालला होता, आणि तसाच चालला असता, जर फ्रेमवाल्याची फाईल त्या कपाटात नसती.

फ्रेमवाल्याचं दुकान बाजाराच्या कोपऱ्यावर होतं. भाड्याचा एक गाळा. आत लाकडी पट्ट्यांचे भारे उभे केलेले, मागे काचा, डब्यांतून खिळे, आणि सगळ्याला सरसाचा वास. माणूस उंच, कानामागे पेन्सिल, बोलायला कमी आणि हाताला घट्ट. चहा सांगितला तर दोघांत एक सांगणारा. अकरा वर्षांपूर्वी बाई पहिल्यांदा त्याचे कागद बघायला दुकानातच गेली होती, कारण पावत्यांच्या पिशव्या दुकानातून हलवायला तो तयार नव्हता. बाईनं बेरजा केल्या आणि कराचा आकडा सांगितला. फ्रेमवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"दुकानात कामाला कोण आहे?" बाईनं विचारलं.

"कुणी नाही. मी आणि ही."

"ह्या काय करतात?"

फ्रेमवाल्यानं जरा विचार केला. "बसते," तो म्हणाला.

ही, म्हणजे त्याची बायको, त्या वेळी चार फुटांवरच्या टेबलाशी उभी राहून पट्टी आणि सुरीनं जाड पुठ्ठा कापत होती. हे बाईनं पाहिलं होतं. आता आठवायला गेलं तर सुरीचा आवाजही आठवतो.

"मग ह्यांना पगार दाखवा," बाई म्हणाली. "पगार म्हणजे दुकानाचा खर्च. तेवढा नफा कमी, तेवढा कर कमी. आणि आकडा मी असा ठेवते की ह्यांच्यावर एक पैसाही कर लागायचा नाही."

"पण बाई, मी हिला पगार देत नाही."

"कागदावर दाखवायचा हो."

फ्रेमवाल्यानं कानामागची पेन्सिल काढली, बोटांत फिरवली, परत ठेवली. "खोटं होईल ना पण?"

"खोटं कसलं? राहून गेलेलं आहे ते. सगळे दुकानदार करतात." बाईनं हसून विषय संपवला. मग पगाराच्या पुस्तकाचं पान उघडून ती त्याच्या बायकोकडे गेली आणि तळाशी बोट ठेवून म्हणाली, "वहिनी, इथं."

वहिनींनी सुरी खाली ठेवली, हात पुसले. "कसली सही, ताई?"

"काही नाही हो, नुसती कागदावरची."

त्यांनी सही केली. वाचता येत नव्हतं असं मुळीच नाही. दुकानाची सगळी बिलं त्यांच्याच अक्षरात असत. पण बोट तळाशी ठेवलेलं असलं की माणूस वरचं वाचत नाही, ही गोष्ट बाईला धंद्यात पडल्या पडल्या कळली होती.

पंधरा दिवसांनी वहिनी बाईच्या घरी आल्या, त्या ती काळी फ्रेम घेऊन. आधी परवाना एका प्लॅस्टिकच्या पिशवीत भिंतीला टोचलेला असे. वहिनींनी स्वतः खिळा ठोकला, फ्रेम लावली, दोन पावलं मागे येऊन सरळ झालीय का पाहिलं. बाईनं पैसे विचारले तर म्हणाल्या, "ह्यांनी घेऊ नका म्हणून सांगितलंय." फ्रेमवाल्यानं आयुष्यात फुकट दिलेली ती बहुधा एकुलती एक वस्तू. बाईला फार बरं वाटलं. दुसऱ्याच्या दोन पैशांचा हिशेब ठेवणाऱ्या बाईनं ही फ्रेम मात्र कुठंच लिहिली नाही.

मग दरवर्षी तेच. वहिनींचा पगार बाई दरसाल थोडा वाढवी. एका वर्षी बोनसही दिला. आणि चौथ्या वर्षी तिच्या मनात आलं की हे पुस्तक फार गुळगुळीत दिसतंय. बारा महिने पूर्ण पगार, एक दिवस दांडी नाही, असा नोकर जगात असतो का? तपासणाऱ्याच्या डोळ्यावर यायचं. म्हणून तिनं मार्च महिन्यात वहिनींच्या नावापुढं चार खाडे मांडले, चार दिवसांचा पगार कापला, आणि ‘विनापरवानगी गैरहजर’ असा बारीक अक्षरात शेरा मारला. आता कसं अगदी खरं वाटतं! जेवताना तिनं ही युक्ती नवऱ्याला सांगितली. तो म्हणाला, "हं." बाईला वाटलं, त्याला कळलं नाही.

यंदा वर्षाच्या सुरुवातीला फ्रेमवाला दुकानातच वारला. पट्टी कापता कापता खाली बसला तो बसलाच. महिन्याभरात मालकानं गाळा परत घेतला, हत्यारं आणि पट्ट्या मिळेल त्या भावात गेल्या. हे सगळं बाईच्या कानावर आलं होतं. भेटायला जाऊन यायचं, असं रोज ठरवत होती. सीझन होता, जमलं नाही.

शेवटी वहिनीच आल्या. टेबलासमोरच्या खुर्चीच्या कडेवर बसल्या.

"ताई, एक कागद हवा होता." त्या सांगू लागल्या. खोलीचं भाडं आहे, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत, त्यांना सोडून दिवसभराचं काम धरता येत नाही. म्हणून मदत कचेरीत अर्ज केला. नवरा गेलेल्या बाईला दरमहा थोडी रक्कम मिळते. तिथल्या कारकुनानं कॉम्प्युटर बघितला आणि म्हणाला, तुम्हाला अकरा वर्षं पगार आहे. आम्ही मागच्या तीन वर्षांचं उत्पन्न बघतो, ते मर्यादेच्या वर आहे, तुम्हाला काही मिळणार नाही. "मी म्हटलं, साहेब, मला कसला पगार? काहीतरी चूक आहे. ते म्हणाले, ज्यांनी कागद भरले त्यांचं पत्र आणा. महिनाअखेरपर्यंत आणलं तर बघू." वहिनी जरा हसल्या. "मी सांगितलं त्यांना, आमच्या ताई फार चांगल्या आहेत, लगेच देतील."

बाईनं मनातल्या मनात आकडे पडताळले. कराच्या मर्यादेच्या खाली राहावा म्हणून तिनं जपून जपून बसवलेला आकडा मदतीच्या मर्यादेच्या नेमका वर बसला होता. ती दुसरी मर्यादा तिच्या डोक्यातच कधी आली नव्हती. यायचं कारणच काय? वहिनी तिच्या लेखी कधी माणूस नव्हत्याच, फ्रेमवाल्याच्या फायलीतली एक ओळ होत्या.

"परवा या," ती म्हणाली. "नीट लिहून ठेवते."

नियम तिला पाठ होता. जाणूनबुजून खोटा खर्च दाखवणाऱ्याचा परवाना रद्द. अठ्ठावन्नाव्या वर्षी परवाना गेला तर पुढं काय? नवऱ्याच्या पेन्शनवर घरभाडं भागलं असतं, औषधं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं कागद पुढं ओढला आणि आयुष्यभर कमावलेली सगळी हुशारी त्या दोन ओळींत ओतली. ‘सदर पगाराची नोंद दुकानाच्या मालकाने दिलेल्या माहितीच्या आधारे करण्यात आली होती. सदर पगार प्रत्यक्षात अदा झाला नव्हता, असे आता निदर्शनास आले आहे.’ वाचून बघितलं. कुठं पकडायला जागा नव्हती. वहिनींना मदत मिळणार, तिचा परवाना राहणार.

नवऱ्यानं चहाचा कप ठेवताना कागद वाचला. "मालकानं दिली होती माहिती?"

"तो आता कुठं सांगायला येणार आहे?" बाई म्हणाली, आणि आपल्याच आवाजानं दचकली. चष्मा कपाळावर चढवून नवरा खिडकीतल्या कुंडीला पाणी घालायला गेला. कुंडीला सकाळीच पाणी घालून झालं होतं.

ठरल्या दिवशी वहिनी आल्या. बाईनं पत्र दिलं. त्यांनी ते न वाचता घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि दोनदा "उपकार झाले" म्हणाल्या. उठताना त्यांचं लक्ष फ्रेमकडे गेलं. काचेवर धूळ होती. त्यांनी पर्समधून कोरडं फडकं काढलं, काचेवर फुंकर मारली आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत हलक्या हातानं काच पुसली. "हिला ओलं फडकं लावू नका हं, ताई. कडेनं पाणी आत शिरतं आणि कागद फुगतो," म्हणाल्या, आणि गेल्या.

पुढचे पाच दिवस बाईचे कसे गेले ते तिचं तिला माहीत. मेलेल्या माणसाचं काय बिघडतं, असं तिनं स्वतःला पन्नास वेळा समजावलं. त्याला ना दंड, ना तुरुंग. बायकोचं भलं झालं हे कळलं असतं तर तो खूशच झाला असता. सगळं बरोबर होतं, पण एक गोष्ट काही केल्या वजा होईना. मेल्यावर लोक दोन शब्द चांगले बोलतात, आणि तिनं त्याला सरकारी कागदावर लबाड करून ठेवलं होतं. ज्या माणसानं ‘खोटं होईल ना पण?’ असं विचारलं होतं, त्यालाच. बाजारात जायचं झालं तर ती लांबून वळसा घालून जाई, कारण कोपऱ्यावरच्या गाळ्याचं शटर दिसे. त्यातच बेकरीवाला आला. नेहमीप्रमाणे लाडात येऊन म्हणाला, "बाई, मेव्हण्याच्या लग्नातला केक पण लावून टाका की जाहिरातीत."

"पावती आहे?"

"पावती कुठली?"

"मग नाही."

बेकरीवाला बघतच राहिला. "बाई, तब्येत बरी आहे ना?"

सहाव्या दिवशी सकाळी वहिनी परत आल्या. या वेळी बसल्या नाहीत. पर्समधून पत्र काढलं आणि टेबलावरच्या काचेवर ठेवलं.

"हे मला नको."

"का? काही चुकलं का लिहायला?"

"कारकुनानं मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हणाला, आता अर्ज मंजूर होईल. फक्त अर्जावर एक ओळ लिहितो, ‘पतीने खोटी माहिती दिली होती’, तिच्याखाली सही करा. मी नाही केली सही."

"अहो वहिनी, मदत मिळाली असती. महिना संपायला चारच दिवस राहिलेत."

"मला माहीत आहे किती राहिलेत ते." त्यांचा आवाज चढला नाही. "ताई, ते कंजूष होते. तुमच्यापुढं काय झाकायचं? साधी चप्पल मागितली तरी दोन महिने विचार करायचे. पण खोटं नाही बोलायचे. त्यांनी तुम्हाला विचारलं होतं, खोटं होईल ना म्हणून. तुम्ही म्हणालात, सगळे करतात. मी होते तिथं."

बाईनं वर पाहिलं. "तुम्ही ऐकत होता?"

"चार फुटांवर उभी होते. बसले नव्हते मी."

बाईनं मान खाली घातली. टेबलावरच्या काचेत तिला मागच्या फ्रेमचं उलटं प्रतिबिंब दिसत होतं. लाज वाटणं म्हणजे काय हे तिला त्या क्षणी कळलं.

"ते पगाराचं पुस्तक मला दाखवा," वहिनी म्हणाल्या. "अकरा वर्षं सह्या केल्या. काय होतं ते बघू तरी."

बाईनं कपाट उघडलं आणि पुस्तक त्यांच्यापुढं ठेवलं. आता वहिनी खुर्चीत बसल्या, नीट मागे टेकून, आणि एकेका ओळीवर बोट ठेवत वाचू लागल्या. पहिल्या वर्षाचा पगार वाचला, पान उलटलं. दुसऱ्या वर्षाचा वाचला. बोनसच्या ओळीवर ओठांच्या कडेनं जरा हसल्या. बाई वाट बघत होती. आता चिडतील, ओरडतील, एवढा पैसा माझ्या नावावर लिहिलात आणि मी चपलेसाठी तोंड वेंगाडत होते, असं म्हणतील. म्हटलं असतं तर बरं झालं असतं. चौथ्या वर्षाच्या पानावर बोट थांबलं.

"हे काय आहे?"

"ते... खाडे."

"कुणाचे?"

"तुमचे. म्हणजे तसं नाही, फक्त खरं वाटावं म्हणून..."

"मार्चमध्ये?" वहिनींनी उजवा हात टेबलावर उताणा ठेवला. अंगठ्याच्या मुळापासून मनगटापर्यंत एक पांढरी रेघ होती. "त्याच मार्चमध्ये माझ्या हातात काच शिरली होती. सात टाके. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर घरी बसा. शाळेच्या ऐंशी फोटोंची ऑर्डर होती. मी दुसऱ्या दिवशी दुकानात होते, ताई. डाव्या हातानं काचा पुसल्या. ऐंशीच्या ऐंशी वेळेवर दिल्या."

"वहिनी..."

"सासूबाई पडल्या तेव्हा त्यांना दुकानात मागं खाट टाकून दिली, पण खाडा केला नाही. ताप आला तरी केला नाही. अकरा वर्षांत एक नाही. पगार काय, तो त्यांनी दिला नाही, तुम्ही लिहिलात, मी विचारला नाही. जाऊ दे तो. पण खाडे?" आता मात्र त्यांचा आवाज फुटला. "मी कधी खाडे केले? हे कशाला लिहिलंत? विनापरवानगी गैरहजर!"

त्या रडत होत्या. एवढ्या मोठ्या खोट्या पुस्तकात त्यांना ती बारीक अक्षरातली एकच ओळ लागली होती.

बाईनं पुस्तक आपल्याकडे ओढलं. त्या वर्षाच्या पानाच्या तळाशी वहिनींची सही होती, आणि ती वेडीवाकडी होती. बाकीच्या दहा सह्या स्वच्छ, बिलावर असतात तशा. ही एकच डाव्या हाताची. आणि मग तिला ते सगळं दिसलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातली सकाळ, वहिनींच्या हाताला जाड पट्टी, आणि आपण म्हटलेलं, "अगंबाई, जपून हो वहिनी." म्हणजे पट्टी पाहिली होती तिनं. जपून हो म्हणत तिनं त्याच हाताखाली ते पान सरकवलं होतं आणि चार खाड्यांच्या खाली बोट ठेवलं होतं.

राहून गेलेलं लिहिते म्हणे! अकरा वर्षं एक बाई रोज नऊ ते आठ उभी राहून राबली, हे एवढं त्या पुस्तकात लिहायचं राहून गेलं होतं. बाईनं न दिलेला पगार लिहिला, न झालेले खाडे लिहिले, आणि झालेलं काम तेवढं कुणाच्याच हिशेबात आलं नाही. फ्रेमवाल्यानं ‘बसते’ म्हटलं ते निदान न बघता. तिनं तर बघून.

"बसा जरा," ती म्हणाली. तिनं पहिलं पत्र फाडलं. कॉम्प्युटर लावला नाही. कोरा कागद घेतला आणि लिहू लागली, आणि लिहिताना प्रत्येक ओळ वहिनींना ऐकू जाईल अशी मोठ्यानं वाचत गेली. दुकानाच्या मालकाने पगाराची खोटी माहिती दिली नाही. पगार दाखवण्याचा सल्ला माझा, आकडे माझे, पुस्तक माझ्या हातचं. मालकाने शंका विचारली होती, ती मी उडवून लावली. ह्या बाई दुकानात अकरा वर्षे रोज काम करत होत्या. त्यांना पगार कधीही मिळाला नाही. चौथ्या वर्षीच्या मार्च महिन्यातील चार खाडे धादांत खोटे आहेत, त्या चारही दिवशी त्या कामावर हजर होत्या. चुकवलेला कर आणि होईल तो दंड मी भरीन. परवाना कर खात्याकडे परत पाठवावा म्हणून सोबत जोडला आहे.

चुकवलेला कर किती, तेही तिनं शेवटी बेरीज करून लिहिलं. अकरा वर्षांचा मिळून एका जुन्या स्कूटरच्या किमतीएवढा भरला. एवढ्यासाठी!

"परवाना कशाला?" वहिनींनी विचारलं. त्यांनी डोळे पुसले होते. "तुमचं कसं होईल मग?"

"बघू." आतल्या दारात नवरा येऊन उभा होता. बाईनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं कपाळावरचा चष्मा खाली ओढला, टेबलावरचा कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि भिंतीवरची फ्रेम काढून तिच्यापुढं आणून ठेवली.

बाई फ्रेम उलटी करून मागची चिकटपट्टी नखानं ओरबाडू लागली. पट्टी निघेना. मग तिनं पेपर कापायची सुरी घेतली आणि कडेत खुपसली.

"द्या इकडं," वहिनी म्हणाल्या. "काच फोडाल."

त्यांनी फ्रेम मांडीवर घेतली. सुरीच्या टोकानं एका सरळ रेषेत पट्टी कापली, चार बाजूंचे बारीक खिळे एकेक करून वाकवले, मागचा पुठ्ठा उचलला. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेली मापं आणि तारीख होती, त्यांच्याच अक्षरात. सगळं मिळून दोन मिनिटं लागली असतील. निळा कागद बाहेर आला तो काल छापल्यासारखा, एक सुरकुती नाही. त्यांनी तो पत्राच्या खाली ठेवला आणि रिकामी फ्रेम टेबलावर उभी केली.

"हिचे पैसे द्यायचे राहिलेत," बाई म्हणाली.

"त्यांनी घेऊ नका म्हणून सांगितलं होतं."

"त्यांनी दुकानाचे सोडले. तुमच्या मजुरीचं तुम्हाला कुणी विचारलं?"

वहिनींनी फ्रेमच्या जोडावरून अंगठा फिरवला. खरोखर हिशेब करत होत्या. "लाकूड आणि काच दुकानाची, ते नको. कापणं, जोडणं, रंग, काच बसवणं..." त्यांनी एक आकडा सांगितला. "आताच्या भावानं. चालेल?"

बाईनं ड्रॉवरमधून पैसे काढून दिले. वहिनींनी मोजले. हाताला सवय होती म्हणून बाईनं लगेच पावती लिहिली, ‘एक फ्रेम तयार करण्याची मजुरी रोख मिळाली’, कागद फिरवून त्यांच्यापुढं ठेवला आणि तळाशी बोट टेकवलं. "इथं."

वहिनींनी दोन बोटांनी तिचं बोट उचलून कागदावरून बाजूला केलं. वरपासून सुरुवात केली, सगळी पावती सावकाश वाचली, आणि मग सही केली.